नात्याचे देणे आणि सरकारी खुर्ची

२००६ च्या उन्हाळ्यात आपल्या अकोटच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगावला, बेकायदा सावकारीची एक तक्रार पोलिसांकडे गेली. तक्रार करणारा शेतकरी होता आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते तिथल्या विद्यमान आमदारांचे कुटुंब होते. तो काळ आठवून पाहा. वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नव्हत्या. सावकारांची गय करणार नाही, असे सरकारच सांगत होते. १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. नेमक्या त्याच दिवसांत, या कुटुंबाविरुद्ध गुन्हा नोंदवू नये, असा निरोप मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून फोनवर आला आणि ठाण्यातल्या कुणीतरी तो स्टेशन डायरीत लिहून ठेवला. जिल्हा प्रशासनालाही सूचना मिळाली: या घराविरुद्ध तक्रार आली तर ती आधी जिल्ह्याच्या सावकारीविरोधी समितीपुढे ठेवायची, मग जिल्हा सरकारी वकिलांचे मत घ्यायचे आणि त्यानंतरच कारवाईचे पाहायचे. इतर सावकारांना एक रीत आणि या घराला दुसरी. शेतकरी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. खंडपीठाने राज्य सरकारला २५ हजारांचा भुर्दंड बसवला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा डिसेंबर २०१० मध्ये न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांनी ती रक्कम १० लाख केली आणि तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या वर्तनावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. रक्कम राज्याच्या तिजोरीतून जायची होती. म्हणजे ज्या शेतकऱ्यांना संरक्षण नाकारले गेले, त्यांच्या करातूनही ती गेली. हे मला आजही बोचते.

आता या प्रकरणाला भ्रष्टाचार म्हणायचे की नाही? नेहमीच्या मोजमापाने पाहिले तर लाचेची रक्कम किती, या प्रश्नाला इथे उत्तरच नाही. कोणी कोणाला पैसे दिले, हा मुद्दा न्यायालयापुढे नव्हताच. एका आमदाराच्या घरावर वेळ आली आणि त्याच्या पक्षाचा नेता त्याच्यासाठी उभा राहिला, एवढेच घडले. आपल्याकडे याला ‘माणूस जपणे’ म्हणतात आणि ज्याला माणसे जपता येत नाहीत तो नेता होत नाही. ज्याच्यासाठी फोन झाला, त्याच्या लेखी तो फोन म्हणजे शब्द पाळणे होते. ज्याच्यासाठी फोन करणारा कुणीच नव्हता, त्याच्या लेखी तोच फोन म्हणजे कायद्याचे दार बंद होणे होते. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे: आपल्या सार्वजनिक जीवनातल्या भ्रष्टाचाराचा मोठा भाग हा लोभापेक्षा कर्तव्यभावनेतून होतो, नात्याचे आणि उपकाराचे देणे फेडताना होतो. म्हणूनच नीतीचे पाठ देऊन तो जात नाही आणि फक्त नोटा पकडणाऱ्या सापळ्यात तो सापडतही नाही.

राज्याच्या इतिहासातले आणखी एक प्रकरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना राजीनामा द्यावा लागला, तो त्यांच्या मुलीच्या एमडीच्या परीक्षेत झालेल्या गुणांच्या फेरफारावरून. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ताशेरे ओढले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या खटल्यात अखेरपर्यंत एक प्रश्न घोळत राहिला: परीक्षकाने गुण बदलले ते मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून की त्यांची मर्जी राखण्यासाठी? कायद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. व्यवहाराच्या दृष्टीने तो जवळजवळ नाहीच. जिथे आश्रयाची रीत मुरलेली असते तिथे हुकूम द्यावा लागत नाही. खालचा माणूस वरच्याच्या घरातले लग्न, परीक्षा, दुखणे यांवर नजर ठेवून असतो आणि न सांगता काम करून मोकळा होतो. त्याने केलेले काम वरच्यावर उपकार म्हणून चढते आणि कधीतरी परत येते. अशा देवघेवीत कागद तयार होत नाही. साक्षीदार नसतो. खामगावचे प्रकरण उजेडात आले ते त्या डायरीतल्या नोंदीमुळे, आणि अशी नोंद शेकड्यातल्या एखाद्याच प्रकरणात सापडते.

ही रीत आली कुठून? वऱ्हाडापुरते बोलायचे तर तिचे मूळ वतनात आहे. परगण्याला देशमुख-देशपांडे आणि गावाला पाटील-पटवारी ही पदे घराण्याची मालमत्ता होती. बापाकडून मुलाकडे जात, भावाभावांत त्यांच्या तक्षिमा पडत, प्रसंगी गहाण आणि विक्रीही होई. सारा वसूल करणे, गुन्ह्याची वर्दी देणे, दप्तर ठेवणे ही आज आपण सरकारी म्हणतो ती सगळी कामे त्या घराच्या ओसरीवर चालत. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. इंग्रजांनी देशमुख-देशपांड्यांचे काम काढून घेऊन त्यांना रोख नेमणुका दिल्या, पण पाटील-पटवारी राहू दिले आणि वसुलीवर टक्केवारीने त्यांचा मोबदला बांधला. १९०० साली वऱ्हाडच्या पाटील-पटवाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, त्यातही वतनदार घराण्याचा हक्क धरूनच नेमणुकीची रीत बसवली गेली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त ही सगळी व्यवस्था आतून कशी चाले, ते वाचायला मिळते. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी कोणाची निघायची, यावरून भावकीत डोकी फुटत. बाहेरच्याला तो पोकळ मानाचा वाद वाटे. पण त्या जोडीवरून सबंध गावाला कळे, की यंदा दप्तर कोणाच्या घरात आहे आणि अडल्या वेळी कोणाच्या ओसरीवर जायचे. पद आणि घर यांत भिंत नव्हती, आणि ती असावी अशी अपेक्षाही कोणाची नव्हती. घराच्या पदातून घरच्यांचे भले करणे हा तिथे गुन्हा नव्हताच. उलट, भले न करणारा नालायक ठरत असे.

१९६२ हे साल मला फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मुलकी पाटलाचे पद रद्द करणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एका हाताने जुने वतन गेले आणि दुसऱ्या हाताने शाळा, रस्ते, दवाखाने, बियाणे, विहिरी, शिक्षकांच्या नेमणुका असा कितीतरी मोठा कारभार निवडून आलेल्या माणसांकडे आला. पाठोपाठ सहकारी संस्था वाढल्या, बाजार समित्या वाढल्या, अनुदानित शाळा-महाविद्यालये वाढली. हे सगळे व्हायलाच हवे होते. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली नसती तर कुणब्या-माळ्यांची हजारो पोरे शिकली नसती. पण या नव्या पदांवर जी माणसे बसली ती त्याच गावगाड्यातून आली होती. पद म्हणजे घराचे, आणि घरात काका-पुतणे, मेव्हणे, व्याही, जावई, साडू हे सगळे आले, ही समजूत बरोबर घेऊनच ती खुर्चीवर बसली. कायद्याने वतन रद्द झाले. वतनातून जी देणी निर्माण झाली होती, ती कोणी रद्द केली नाहीत. तसे करता येतही नव्हते.

पुढच्या पिढीत एक गोष्ट बदलली आणि माझ्या मते सगळ्यांत घातक गोष्ट तीच आहे. पद वारशाने मिळेनासे झाले तेव्हा ते विकत घेण्याची रीत पडली. अनुदानित खाजगी शाळेचे उदाहरण घ्या. शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, पण त्याला नेमते संस्था. १९७७ च्या कायद्याने अशा शिक्षकांच्या नोकरीला संरक्षण दिले, ते योग्यच होते. त्याचा एक परिणाम असा झाला की एकदा लागलेली नोकरी जन्मभराची झाली आणि जन्मभराच्या नोकरीला बाजारभाव आला. हा भाव एकटा उमेदवार देऊ शकत नाही. बाप दोन एकर विकतो, मामा कर्ज काढून देतो, थोरला भाऊ आपल्या लेकीचे लग्न वर्षभर पुढे ढकलतो, कधी होणारा सासरा हुंड्याच्या नावाखाली रक्कम भरतो. असे सगळ्यांच्या पैशांनी पद घेतले जाते. मग त्या पदावर बसलेल्या माणसाकडे त्या सगळ्यांचे येणे निघते. त्यातला एखादा उद्या दाखल्यासाठी आला, बदलीसाठी आला, पुतण्याच्या नेमणुकीसाठी आला, तर त्याला नियम दाखवणे हे त्याच्या घरात घेतलेले पैसे बुडवल्यासारखे समजले जाते. आपण याला नात्याचा मोह म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात ती वसुली आहे. २०२५ मध्ये नागपूर विभागात पगारासाठी लागणारे शालार्थ आयडी बनावट तयार करून अपात्र माणसांना शिक्षक म्हणून पगार चालू केल्याचे प्रकरण बाहेर आले आणि शिक्षण खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली. न्यायालय त्याचा निकाल देईलच. पण अशा बनावट नेमणुकीमागे एकटा लबाड माणूस असतो, असे समजणे भाबडेपणाचे होईल. पूर्ण किंमत वसूल केल्यावर माल दिलाच पाहिजे, या हिशेबावर ती साखळी उभी असते.

इथे एक रास्त शंका निघेल. तहसिलीत किंवा भूमी अभिलेखच्या कार्यालयात फेरफाराच्या नोंदीसाठी जे पैसे मागितले जातात, ते तर अनोळखी माणसाकडून मागितले जातात. त्यात नाते कुठे आले? माझे उत्तर असे आहे की नाते आणि पैसा या एकाच कार्यालयाच्या दोन खिडक्या आहेत. ज्याचा माणूस आत आहे तो पहिल्या खिडकीवर जातो: ‘आपलाच हाय, पाहून घ्या’ एवढ्यावर त्याची फाइल हलते. ज्याचा कोणी नाही त्याला दुसऱ्या खिडकीवर जावे लागते आणि तिथे दर असतो. पहिल्या खिडकीवर जेवढी गर्दी, तेवढी साध्या रांगेतली फाइल मागे पडते, आणि फाइल जेवढी मागे पडते तेवढा दुसऱ्या खिडकीचा दर चढतो. शिवाय दुसऱ्या खिडकीत जमलेला पैसा पुष्कळदा पहिल्या खिडकीची देणी फेडायलाच जातो. लग्नातला मानपान, गावच्या सप्ताहातली पंगत, निवडणुकीतल्या नेत्याची गाडी. तेव्हा लाचेचे दर पाहून हळहळणाऱ्यांनी पहिल्या खिडकीकडेही पाहावे. तिथे सुशिक्षित, प्रतिष्ठित, लाच कधीही न दिलेली माणसे उभी असतात. आपल्यापैकी बरेच जण त्यांतच असतील.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे वास्तव स्पष्ट ओळखले. १ ऑक्टोबर २००३ पासून नागरी सहकारी बँकांना आपल्या संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास बंदी झाली. नातेवाईक कोण, तेही ठरवून दिले: नवरा-बायको, आई-बाप, मुले, सून, जावई, भाऊ-भावजय, बहीण-मेव्हणा, साळा-साळी. एरवी सरकारी नियमांत माणूस एकटा असतो. इथे त्याचा सगळा गोतावळा नियमात आला. उलट दिशेने जाणारी गोष्टही घडली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात, पदाचा गैरवापर करून दुसऱ्या कुणाला आर्थिक फायदा मिळवून देणे हा गुन्हा मानणारे एक जुने कलम होते. प्रामाणिक अधिकारीही त्यात अडकतात, हे कारण देऊन २०१८ च्या दुरुस्तीत ते काढले गेले. त्या कारणात तथ्य होते. पण लाच न घेता मेव्हण्याला ठेका मिळवून देणाऱ्याला धरण्याचा एक सरळ रस्ता त्यामुळे बुजला.

हा प्रश्न वऱ्हाडाचा नाही, जगाचा आहे. एडवर्ड बॅनफील्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९५८ साली दक्षिण इटलीतल्या एका गावावर पुस्तक लिहून असे म्हटले, की तिथली माणसे आपल्या चौकोनी कुटुंबापलीकडे कोणाचेच हित पाहत नाहीत, म्हणून तिथे सार्वजनिक जीवन उभे राहत नाही. आपल्याकडे हे जसेच्या तसे लागू पडत नाही. आपली माणसे कुटुंबापलीकडे खूप पाहतात. सोयऱ्यांकडे, भावकीकडे, गावाकडे, जातीकडे पाहतात आणि त्यासाठी झीजही सोसतात. नायजेरियाचे समाजशास्त्रज्ञ पीटर एके यांनी १९७५ साली केलेली मांडणी मला आपल्याला जास्त जवळची वाटते. त्यांच्या मते वसाहतवादी राजवटीनंतरच्या समाजात माणूस दोन सार्वजनिक जगांत वावरतो. एक आपल्या लोकांचे, तिथे त्याला नीती असते, लाज असते, देणे असते. दुसरे सरकारचे, तिथून नेता येईल तेवढे न्यावे, त्यात पाप नाही. पहिल्या जगात चोरी करणारा बदनाम होतो, दुसऱ्यातून आणून पहिल्यात वाटणारा दानशूर ठरतो. आपल्या गावोगावचे सत्कार समारंभ आठवा. फक्त एकेंच्या मांडणीत एक दुरुस्ती करावीशी वाटते. आपल्याकडे ही फाळणी इंग्रजांनी निर्माण केली नाही. वतनदारीत ती दोन्ही जगे एकच होती. त्यांना वेगळे करण्याचे काम राज्यघटनेने हाती घेतले आणि ते अर्धवट राहिले आहे.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. नात्यावर असा हल्ला करून तुम्ही गरिबाचा शेवटचा आधारच तोडता, असे कोणी म्हणेल. नापिकीच्या वर्षी बियाण्याला पैसे कोण देतो? दवाखान्यात रात्रभर कोण बसते? बाप गेल्यावर पोरांना कोण सांभाळते? सरकार नव्हे, भावकीच. पूर्णेच्या काठच्या आपल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही तोंडात घेता येत नाही. नळ, टँकर, विमा, कर्ज या सगळ्यांसाठी कोणाकडे तरी शब्द टाकावाच लागतो. हे सगळे खरे आहे आणि ज्यांना पगार, निवृत्तिवेतन आणि आरोग्य विमा आहे त्यांनी या माणसांना नीती शिकवू नये. पण एक फरक मात्र करावाच लागेल. भाऊ आपल्या कणगीतून भावाला ज्वारी देतो तेव्हा तो स्वतःचे कमी करतो. तोच भाऊ तलाठी होऊन गारपिटीच्या पंचनाम्यात चुलतभावाचे नुकसान वाढवून लिहितो तेव्हा तो यादीत खाली असलेल्या तिसऱ्याचे कमी करतो, आणि तो तिसरा कोण हे त्याला दिसतही नाही. नात्यातली मदत पवित्र वाटते ती तिच्यात त्याग असतो म्हणून. सरकारी दप्तरातून केलेल्या मदतीत त्याग दुसऱ्याचा असतो.

तो तिसरा कोण, हे अकोट तालुक्यात राहणाऱ्याला शोधायला लांब जावे लागत नाही. मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून उठवलेली कोरकूंची गावे याच तालुक्यात आणून वसवली गेली. केलपाणी त्यांतलेच. सोयी मिळाल्या नाहीत म्हणून माणसे पुन्हा जंगलातल्या जुन्या गावठाणात परत गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची वनखात्याशी आणि पोलिसांशी चकमक झाली. हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही. पण तहसिलीत, पंचायत समितीत, बँकेत, दवाखान्यात ज्यांचा एकही सोयरा नाही, अशा समाजाला अर्ज-विनंत्यांनी काय मिळते, हाही प्रश्न त्या दिवशी समोर आला होता. ‘इतकी वर्षे त्यांनी खाल्ले, आता आमची पाळी आहे,’ असे जे समाज आज म्हणतात, त्यांच्या मागच्या अन्यायाबद्दल मला शंका नाही. मात्र पाळीची ही रीत संख्येवर चालते. जो समाज थोडा, विखुरलेला, डोंगरातला, त्याची पाळी कधीच येत नाही. आणि ज्या समाजाची येते त्यातही लाभ चार घराण्यांत अडतो. बाकीच्यांना आपला माणूस खुर्चीवर आहे, एवढेच समाधान मिळते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते महारांना वतनाच्या बेडीतून सोडवण्यासाठी. वतन वरच्याला मान देते आणि खालच्याला बांधते, हे त्यांनी ओळखले होते. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीसाठी धर्म, जात, लिंग यांच्याबरोबर कुळावरूनही भेद करता येणार नाही, असे म्हटले आहे. पंधराव्या अनुच्छेदात कुळाचा उल्लेख नाही, सोळाव्यात मुद्दाम आहे. आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका गावकामगाराच्या नेमणुकीत आधीच्या वतनदाराच्या घराण्याला दिलेले प्राधान्य याच आधारावर रद्द केले. तरीही एका ठिकाणी राज्य अजून वारस शोधून नोकरी देते, ते सफाई कामगारांच्या बाबतीत. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार ही सवलत चालू आहे आणि त्या घरांची आजची गरज पाहता ती काढा असे मी म्हणणार नाही. पण ज्या कामाला दुसरे कोणी हात लावत नाही, ते वारशाने द्यायचे, याचा विचार शिकलेल्या समाजाने करायला हवा.

दुसरा एक आक्षेप निराशेतून येतो: हे आपल्या रक्तातच आहे, बदलणार नाही. इतिहास तसे सांगत नाही. ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती १८५३ च्या मे महिन्यात वऱ्हाड आला, तिच्या संचालकांना हिंदुस्थानातल्या नोकऱ्यांवर आपले पुतणे-भाचे नेमण्याचा हक्क होता आणि तो उघड वापरला जात असे. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने तो हक्क गेला आणि १८५५ पासून स्पर्धा परीक्षा सुरू झाली. खुद्द इंग्लंडातल्या सरकारी नोकऱ्यांत खुली स्पर्धा यायला १८७० साल उजाडले. म्हणजे वशिलेबाजी ही त्यांचीही रीत होती आणि ती परीक्षेने, नियमाने, वर्तमानपत्रांच्या टीकेने हळूहळू आवरली गेली. आपल्याकडचा पुरावा तर याहून बोलका आहे. जे पटवाऱ्याचे काम एकेकाळी घराण्याबाहेर जात नव्हते, त्या तलाठ्याच्या चार हजारांहून अधिक जागांसाठी २०२३ साली दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्या परीक्षेबद्दल वाद झाले, तरी एवढी मुले अभ्यास करून पदावर हक्क सांगतात, ही घडलेली क्रांतीच आहे. आणि परंपरेचाच दाखला हवा असेल तर गाडगे महाराजांचे शेंडगाव इथून दूर नाही. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, लाखोंचा पैसा त्यांच्या हातून गेला, पण त्यांत घरच्यांचा हक्क ठेवला नाही. बायको-मुलींवर त्याचा जो भार पडला तो थोडा नव्हता. लोकांनी त्यांना निर्दयी म्हटले नाही, संत म्हटले. म्हणजे पद आणि घर वेगळे ठेवणाऱ्याचा मान कसा करायचा, हे वऱ्हाडी माणसाला ठाऊक आहे.

मात्र सगळा समाज संतांचा होईपर्यंत थांबता येणार नाही. साध्या माणसाला चांगले वागता यावे यासाठी त्याला नाही म्हणण्याची सोय करून द्यावी लागते. लिपिकाच्या दारात मामा उभा असताना ‘मी करणार नाही’ म्हणणे फार कठीण असते. ‘माझ्या हातात नाही’ म्हणणे सोपे असते, आणि ते खरे असले पाहिजे. कापसाच्या बाजारात हे आपल्याच प्रांताने करून दाखवले आहे. १८८६ साली कारंज्याला नियमनाखालचा कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी त्याचा कायदा झाला. अडत्या आणि खरेदीदार यांच्यात गुपचूप ठरणारा भाव आणि ज्याच्या त्याच्या मर्जीचे वजन यांच्या जागी पुढे उघडा हर्रास आणि तपासलेला काटा आला. भाव चारचौघांत पुकारला गेला की अडत्याला व्याह्यासाठीही फार काही करता येत नाही, आणि व्याहीही त्याच्यावर रुसत नाही. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमागची कल्पना हीच आहे. २०१७ पासून शिक्षकभरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर आली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत तिचा उपयोग झाला. खाजगी संस्थांना मुलाखतीची मुभा ठेवली, तिथे जुनी वाट उघडी राहिली. ती मुभा काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा पगार जनता देते त्याची निवड संस्थाचालकाच्या घरात होऊ नये. लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदा हाही याच जातीचा उपाय आहे. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ज्या दिवशी दाखला मुदतीत मिळेल याची खात्री पटेल, त्या दिवशी पहिल्या खिडकीवरची गर्दीही ओसरेल. आज तशी खात्री नाही, कारण विलंबाचे अपील करणारा माणूस विरळा आणि त्याला त्रास देणारे पुष्कळ.

राहता राहिला एक व्यावहारिक अडसर, आणि तो खरा आहे. अकोटसारख्या तालुक्यात कोण कोणाचा सोयरा नाही? ग्रामपंचायतीच्या नऊ सदस्यांपैकी पाच जण एकमेकांचे भावकीतले असले तर ठेका कोणाला द्यायचा? गोव्यातल्या एका पंचायत सदस्येचे पद २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही, कारण पंचायतीचे काम तिच्या नवऱ्याला मिळाले होते आणि गोव्याच्या कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. नवऱ्याच्या नफ्यात तिचा वाटा आपोआप येतो. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो, पण ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे काय हे दरवेळी न्यायालयात सिद्ध करावे लागते. २०१८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कुटुंबाने सरकारी जागेवर केलेल्या अतिक्रमणाचा उपभोग घेणाऱ्या सदस्यालाही अपात्र धरले, तेव्हा कुठे घर आणि सदस्य यांच्यातला आडपडदा थोडा फाटला. सगळ्या सोयऱ्यांना बंदी घालणे गावात शक्य नाही आणि न्याय्यही नाही. चांगला गवंडी सरपंचाचा साडू असू शकतो. पण नाते लपवण्याला बंदी घालता येते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालकाच्या नातेवाइकाशी केलेले व्यवहार नोंदवावे लागतात, मंडळापुढे ठेवावे लागतात आणि त्या ठरावावर संबंधित संचालकाला मत देता येत नाही. तोच नियम जिल्हा परिषदेला, नगरपरिषदेला, बाजार समितीला आणि प्रत्येक अनुदानित संस्थेला लावावा. ठेका किंवा नेमणूक देताना रिझर्व्ह बँकेच्या त्या यादीतले कोणते नाते आहे, ते अर्जावर लिहून घ्यावे, ते नाव ठरावात छापावे, ज्याचे नाते आहे त्याने सभेतून उठून जावे आणि त्याचा उठून गेल्याचा वेळ इतिवृत्तात यावा. ग्रामसभेत ही यादी दर सहा महिन्यांनी मोठ्याने वाचावी. ई-निविदेच्या मर्यादेखाली बसावे म्हणून एका रस्त्याचे पाच तुकडे पाडले असतील, तर पाचही ठेकेदारांची नावे आणि नाती एकाखाली एक वाचली जातील आणि समोर बसलेले लोक ती ऐकतील. मंत्रालयातून किंवा आमदारांकडून आलेला तोंडी निरोपही लेखी नोंदवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक करावे आणि ती नोंद माहितीच्या अधिकारात न मागताच संकेतस्थळावर यावी. यासाठी नवी यंत्रणा नको, नवे अनुदान नको. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपरिषदेच्या येत्या सर्वसाधारण सभेत असा ठराव मांडता येईल आणि तो मांडायला सभागृहातला कोणताही एक सदस्य पुरेसा आहे.